व्हर्लिनचे अठरा टक्के

त्या वर्षी आमच्या यार्डातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक खोटा आकडा होता. तो खोटा आहे हे फक्त व्हर्लिन टॅकेटला माहीत होतं.

टोप्या लाल होत्या आणि पुढे पांढऱ्या दोऱ्याने '१८' असं भरलेलं होतं. वेल्डर घालायचे, फिटर घालायचे, क्रेन चालवणारी बाई घालायची, मीही घालायचो. व्हर्लिन तेवढा उघड्या डोक्याने फिरायचा आणि येताजाता टोमणे खायचा.

"का रे म्हाताऱ्या, टोपी बसत नाही? डोकं सुजलं का?"

"धुवायला टाकलीय," तो म्हणायचा. सहा महिने त्याची टोपी धुवायलाच होती.

आम्ही तल्सा शहरात, नदीच्या पश्चिमेला, हीट एक्सचेंजर बनवतो. एक लांब पोलादी पिंप, त्यात हजारभर नळ्या. नळ्यांच्या आतून एक द्रव वाहतो, बाहेरून दुसरा. एक तापलेला, एक थंड. ते एकमेकांना शिवत नाहीत, मधल्या धातूतून फक्त उष्णता जाते. नळ्या किती, केवढ्या, त्यांना पेलून धरणारे आडवे पडदे किती अंतरावर, हे ठरवणं व्हर्लिनचं काम. तो आकडे द्यायचा, मी ते कागदावर टाइप करायचो, ड्रॉइंग काढायचो, मग पोलाद कापलं जायचं. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. आमच्यातही बहुधा तेवढंच गेलं, मधल्या धातूतून जाईल तेवढं.

एकतीस वर्षांत त्याने ठरवलेला एकही एक्सचेंजर कमी पडला म्हणून कुणाचा फोन आला नव्हता. पहिला सोडून. पण त्या पहिल्याबद्दल मला तेव्हा माहिती नव्हती.

कारखाना काढणाऱ्या जुन्या हेम्ब्रींनी एक रीत पाडून ठेवली होती. पाण्याच्या दाबाची चाचणी झाली, आतून कोरडं केलं, की शेवटचं झाकण लावण्याआधी आकडे ठरवणाऱ्याने झाकणाच्या आतल्या अंगाला संगजिऱ्याच्या खडूसारख्या कांडीने आपलं नाव लिहायचं. तेल सुरू झालं की पहिल्याच दिवशी ते पुसून जातं. पुसलं जाणारच, म्हणून तर खरं लिहा, असं म्हातारा म्हणायचा. व्हर्लिन कांडी खिशात घेऊन फिरायचा. त्याच्या सगळ्या पँटींचे उजवे खिसे आतून पांढरे होते.

मग म्हातारा गेला, मुलगा रॉइस खुर्चीवर बसला, आणि आमच्या निविदा एकामागून एक हरायला लागल्या. आमची यंत्रं चांगली, पण जड. दुसरे तेवढंच काम कमी पोलादात करून द्यायचे. दोन हजार सोळा साली विचिटाचं मोठं काम गेलं आणि अकरा माणसं घरी पाठवली. त्यांत माझा मेहुणा होता. तो अजून ॲमरिलोत ट्रक चालवतो आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

सहा वर्षांनी रॉइसने कोरीन हॅस्क्यूला आणलं. पोरगी आमचीच. तिचा बाप डेल आमच्या यार्डात तीस वर्षं पडदे बसवत होता. गुडघे गेले तेव्हा घरी बसला. पडदा आणि पिंप यांच्यातली फट नखाएवढी राहिली तरी डेल तो पडदा परत काढायचा. कोरीन स्टिलवॉटरच्या विद्यापीठात शिकून आली आणि येताना एक प्रोग्राम घेऊन आली.

तो प्रोग्राम कागदावर दहा हजार एक्सचेंजर जन्माला घालायचा. त्यांतले स्वस्त आणि पुरेसे निवडायचा, बाकीचे मारायचा, निवडलेल्यांची आपसांत लग्नं लावायचा आणि पुढची पिढी काढायचा. चाळीस मिनिटांत तीनशे पिढ्या.

"तीनशे पिढ्या," व्हर्लिन म्हणाला, "आणि एकाचंही चर्चमध्ये लग्न नाही."

कोरीन हसली. तिला तो आवडायचा. लहानपणी बापाचा डबा द्यायला यायची तेव्हापासून ती त्याला मिस्टर व्हर्लिन म्हणत आली होती.

प्रोग्रामला जगाशी ताडून बघायला हवं, म्हणून तिने चौदा जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले, आमचे एक्सचेंजर चालू असतानाची तापमानं मागवली. आमच्या कागदावर लिहिलेली क्षमता आणि प्रत्यक्षातली क्षमता शेजारी मांडली. चौदाच्या चौदा ठिकाणी यंत्र कागदापेक्षा सरस निघालं. कुठे सोळा टक्के, कुठे वीस. सरासरी अठरा.

तिने पुन्हा तपासलं, आणि मग तिच्या लक्षात आलं (असं तिला वाटलं) की हे कशामुळे. फटी. इतर कारखान्यांत पडद्याच्या कडेने तेल निसटतं, आमच्याकडे निसटत नाही. डेल हॅस्क्यू आणि त्याच्यासारखे लोक नखाएवढी फट राहू देत नाहीत. कारखान्याचा हात. हे अठरा टक्के पुस्तकात नव्हते, माणसांच्या बोटांत होते.

रॉइसने शुक्रवारी यार्डात धुरावर भाजलेलं ब्रिस्केटचं मांस मांडलं, पिकअपवर चढून भाषण केलं आणि टोप्या वाटल्या. डेलला घरून आणलं होतं. तो खुर्चीत बसून रडला. मी व्हर्लिनकडे पाहिलं तर तो ताटातल्या भेंड्या काट्याने एका रांगेत लावत होता.

त्यानंतर प्रोग्रामच्या पोटात एक गुणक बसला, एक पूर्णांक अठरा. प्रोग्राम तो धरूनच चालायचा, म्हणजे दर सहा-सात नळ्यांमागे एक नळी गाळायचा. आमची किंमत खाली आली. पहिल्याच फटक्यात कान्ससमधल्या एका रिफायनरीचं काम मिळालं. जड तेल थंड करायचं यंत्र, अकराशेच्या वर नळ्या. किंमत ठरली, करार झाला. आता फक्त परवाना असलेल्या इंजिनियरची सही हवी होती, आणि परवाना एकट्या व्हर्लिनकडे होता. सही झाली की नळ्यांची ऑर्डर जाणार होती. त्याच्याकडे तीन आठवडे होते.

पहिल्या आठवड्यात तो कोरीनच्या टेबलाशी गेला. "ह्या नळ्या थरथरतील. पडदे फार लांब लांब आहेत."

"बरोबर," ती म्हणाली. तिने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. चाळीस मिनिटांनी न थरथरणारा एक्सचेंजर निघाला, जवळजवळ तितकाच स्वस्त.

"साफ कसा करणार? नळ्यांमधून पाण्याचा फवारा जायला वाट नाही."

दुसरी ओळ. चाळीस मिनिटं. वाट झाली.

"ह्या लांबीच्या नळ्या नळ्यांच्या कारखान्यात मिळत नाहीत."

"मिळणाऱ्या लांब्यांची यादी द्या ना मला, मिस्टर व्हर्लिन. तुमच्यासारखं सांगणारं कुणी नव्हतं हो आजवर. प्रोग्राम रोज शहाणा होतोय."

तो परत येऊन खुर्चीत बसला. त्याचा प्रत्येक विरोध ती आभार मानून घेत होती, आणि ते यंत्र त्याच्या हरकती खाऊन खाऊन निर्दोष होत चाललं होतं. फक्त नळ्या कमीच राहत होत्या, कारण त्याची खरी हरकत त्याने अजून सांगितलीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, माझ्या पिकअपची मागची फळी पाडून आम्ही बसलो होतो. वारा एवढा की सँडविचचा कागद हातातून सुटून कुंपणाला जाऊन चिकटला. व्हर्लिन त्या कागदाकडे बघत म्हणाला, "लॉनी, ते अठरा टक्के माझे आहेत."

"म्हणजे?"

"डेलचे नाहीत. कुणाच्या हाताचे नाहीत. मी तेल दाट धरतो."

मला कळलं नाही. त्याने सांगितलं. गिऱ्हाईक त्याच्या तेलाचा दाटपणा लिहून पाठवतं. दाट तेल उष्णता सोडायला कुरकुरतं, त्याला जास्त नळ्या लागतात. व्हर्लिन गिऱ्हाइकाचा आकडा मला टाइप करायला द्यायचा, पण स्वतःचा हिशेब जवळजवळ दुप्पट दाट तेल धरून करायचा. कागदावर एक तेल, हिशेबात दुसरं. एकोणीस वर्षं ते कागद मी टाइप केले होते.

"कशासाठी?"

"ब्याण्णव साली माझा पहिला एक्सचेंजर. पुस्तकाप्रमाणे, गिऱ्हाइकाच्या आकड्याप्रमाणे, नळीचा तुकडासुद्धा जास्त नाही. ऑगस्टमध्ये कमी पडला. तेल कागदापेक्षा दाट यायचं. म्हाताऱ्या हेम्ब्रींनी मला तिथे पाठवलं. म्हणाले, दुरुस्त करता येणार नाहीच, नुसतं बघून ये. एकशे आठ डिग्री फॅरनहाइट. तिथली माणसं आग विझवायचे पाइप धरून पिंपावर पाणी मारत होती, दिवसरात्र, सहा आठवडे. मी तीन दिवस पाइप धरला त्यांच्याबरोबर. कुणी मला शिवी दिली नाही. एकाने फक्त विचारलं, हे तूच काढलंयस का? आणि पाइप माझ्या हातात दिला."

त्याने कुंपणावरच्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "तेव्हापासून कुणाच्याही तेलावर विश्वास ठेवला नाही मी."

मला त्याची दया यायला हवी होती. पण मला आठवलं विचिटा. जड यंत्रं, हरलेल्या निविदा, अकरा माणसं, ॲमरिलोचा ट्रक. मी फळीवरून उतरलो आणि उगाच मागचं चाक तपासलं.

"आता कान्ससला प्रोग्रामने गिऱ्हाइकाचाच दाटपणा धरलाय, वर ते अठरा टक्के वजा झालेत," तो माझ्या पाठीला म्हणाला, "आणि नसलेल्या गोष्टीतून वजा झालेत."

"मग सांग ना त्यांना."

"सांगतो. टोप्या काढायला लावतो सगळ्यांना."

त्याने आधी कोरीनला सांगितलं. चौदापैकी एक जुनं काम घेऊन तिच्यासमोर गिऱ्हाइकाच्या खऱ्या दाटपणाने हिशेब केला. अठराचे दोन झाले. तिने दुसरं घेतलं, एक झाले. पाचव्यानंतर तिने हात थांबवला.

"बाबांचे दोन टक्के," ती म्हणाली.

"दोनही पुष्कळ असतात, पोरी. इतरांचे शून्य असतात."

"दोन आठवडे तुम्ही मला थरथर आणि फवारे सांगत राहिलात!" तिचा आवाज चढला. "माझ्या तोंडावर! मी आभार मानत होते तुमचे!"

मग आम्ही तिघे रॉइसच्या खोलीत गेलो. मी का गेलो हे मला नीट सांगता येत नाही. कागद मी टाइप केले होते म्हणून असेल.

रॉइसने सगळं ऐकलं. टेबलावरची टोपी उचलली, फिरवली, परत ठेवली.

"म्हणजे तू मला हे सांगतोयस," तो म्हणाला, "की तीस वर्षं आपण फुकट पोलाद वाटलं. विचिटा तुझ्यामुळे गेलं."

"हो."

"आणि आता माझी माणसं ज्या आकड्यावर खूश आहेत तो आकडा तुझ्या भीतीचा आहे."

"हो."

"व्हर्लिन, माझ्या बापाने तुला मुलासारखं वागवलं. मला तरी तसं वागवलं नाही." तो खिडकीपाशी गेला. खाली यार्डात लाल टोप्या हलत होत्या. "करार झालाय. पूर्ण नळ्या घातल्या तर हे काम तोट्यात जातं आणि मी पुन्हा माणसं काढतो. तू अठरा म्हणतोस खोटे. प्रोग्राम म्हणतो खरे. मधलं धरू. नऊ."

"मधलं?" कोरीन म्हणाली.

"नऊ टक्के. दोघांचं राहील."

"रॉइस, हा काय गुरांचा बाजार आहे?" व्हर्लिनचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "खरं आहे ते दोन आहे. नऊ धरलेस तर ते यंत्र सहा-सात टक्के लुळंच जन्माला येईल. तू अर्धं मान्य केलंस म्हणून तेल अर्धं पातळ होत नाही!"

"माझा बाप असता तर त्यानेही मधलंच धरलं असतं."

"तुझा बाप असता तर त्याने तुला पाइप धरायला पाठवलं असतं."

त्या दिवशी सही झाली नाही. संध्याकाळी, जाताजाता, मी त्याला हळूच म्हणालो की ड्रॉइंग माझ्या हातात आहे. पिंपाच्या कडेला, जिथे कुणी मोजत नाही, मी साठ-सत्तर नळ्या बसवू शकतो. रॉइसला नळ्यांच्या बिलात कळेल, पण तोवर छिद्रं पाडून झाली असतील. हे मी का म्हणालो? मेहुण्याला विसरून? मला वाटतं मला तो लवकर शांत व्हायला हवा होता. त्याच्या शेजारी बसणं असह्य झालं होतं.

"नको," तो म्हणाला. "पुन्हा झाकून नको. ह्या खेपेला कुणालातरी माहीत असू दे."

त्याने अट घातली. रिफायनरीला खरं सांगा, त्यांनी नऊ मान्य केले तर सही करतो. रॉइसने शिव्या दिल्या, पण परवाना व्हर्लिनकडेच होता. गुरुवारी सकाळी आम्ही चौघे त्या खोलीत, टेबलाच्या मध्ये फोन, मोठ्या आवाजात लावलेला. पलीकडे ओस्ट्रँडर, रिफायनरीचा इंजिनियर. व्हर्लिनने त्याला सगळं सांगितलं. दाट धरलेलं तेल, अठरा, दोन, नऊ. काही न गाळता, सपाट आवाजात, जसा माणूस पोलिसाला सांगतो.

पलीकडून हसू आलं. मनापासून, पोट धरून.

"अहो टॅकेट, चोरखिसा काय तुम्हा एकट्यालाच आहे का? तुम्हाला उष्णतेचा जो आकडा पाठवला तो मी बारा टक्के फुगवूनच पाठवला होता. माझ्या साहेबाने त्यावर आणखी पाच चढवले. त्याला वाटतं मला माहीत नाही. बांधा तुम्ही. नऊ काय, अठरा धरले असते तरी मी ओरडलो नसतो."

रॉइसने डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली.

"आणि तेल?" व्हर्लिनने विचारलं. "तेलाचा आकडा खरा आहे?"

"तेलाचा? तो जुन्या कागदावरून उतरवला. दोन हजार चारचा असेल. त्यानंतर तीनदा तेल बदललंय इथे."

"मग आत्ताचं तेल किती दाट आहे?"

"ते कोण मोजतंय, बाबा? चालेल, चालेल."

रॉइसने फोन ठेवला. कोरीन टेबलाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "मग मी नक्की कशातलं सर्वांत चांगलं शोधत होते? तीनशे पिढ्या?" प्रश्न कुणाला होता ते कळलं नाही. रॉइसने कागद पुढे सरकवला आणि पेनचं टोपण स्वतः काढून दिलं.

व्हर्लिनने सही केली. अट त्याचीच होती.

मार्चमध्ये चाचणी झाली. पाणी काढलं, आत कोरडं केलं, झाकण क्रेनला लटकलं. व्हर्लिनने खिशातून कांडी काढली. यार्ड थांबलं होतं, त्या वेळी थांबतंच. तो झाकणासमोर इतका वेळ उभा राहिला की क्रेनवालीने वरून हाक मारली, "स्पेलिंग विसरलास का रे?" लोक हसले. त्याने कांडी कोरीनकडे दिली. तिने मान हलवली, घेतली नाही. मग त्याने ती परत खिशात टाकली आणि फिटरला खूण केली. ते झाकण कुणाच्याही नावाशिवाय लागलं. माझ्या माहितीत असं ते एकच.

जूनमध्ये तो निवृत्त झाला. प्रोग्राममध्ये आता कोरीनने दोन टक्क्यांचा गुणक ठेवला आहे, निविदा कधी मिळतात, कधी जातात. टोप्या अजून आहेत. रॉइसने कुणाला काही सांगितलं नाही, कोरीनने बापाला सांगितलं नाही, आणि मी तर टाइप करणारा माणूस.

ऑगस्टमध्ये, पारा एकशे सहावर असताना, व्हर्लिन माझ्याबरोबर शुक्रवारी मासे खायला आला. गाडीतूनच त्याने ओस्ट्रँडरला फोन लावला. दर आठवड्याला लावायचा.

"कसा चालतोय?"

"मस्त."

"तेल मोजलंत?"

"चालतोय म्हटलं ना. मग मोजू कशाला?"

फोन मांडीवर ठेवून तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. "चालतोय," तो मला म्हणाला. "माझ्याशिवाय. त्याच्या बारावर, की साहेबाच्या पाचावर, की तेलच आपोआप पातळ झालंय म्हणून, देव जाणे. कमी पडला असता तर निदान कळलं असतं."

"असं बोलू नये."

"माहितीय."

खानावळीत डेल हॅस्क्यू दाराजवळच्याच टेबलाशी बसला होता, काठी खुर्चीला अडकवून. डोक्यावर लाल टोपी, उन्हाने विटलेली. व्हर्लिनला बघून त्याने बोटाने त्या आकड्यावर टिचकी मारली.

"अठरा टक्के, व्हर्लिन! तुम्ही लोक गार हवेत बसून आकडे मोडायचात, आणि आम्ही इकडे हातांनी करून दाखवलं. खरं की नाही? सांग ह्या लॉनीला."

व्हर्लिन उभाच होता. त्याचा हात उजव्या खिशात गेला, तिथे कांडी असणार. मी वाट पाहिली. तेव्हा मला खरोखर वाटत होतं की तो सांगेल, आणि खरोखर वाटत होतं की त्याने सांगू नये.

"खरं आहे, डेल," तो म्हणाला. "तुमच्या हातांनीच."

मग त्याने खुर्ची ओढली आणि आम्ही मासे मागवले.